विश्लेषण : अतिचंचल मुलांचा दोष खाऊच्या डब्यात शोधावा का?

साखर, कृत्रिम रंग, माशाचे तेल, लोह… एडीएचडी असलेल्या मुलांच्या आहाराबाबत सल्ले भरपूर मिळतात. त्यातले विज्ञानाच्या कसोटीवर किती टिकतात?

वाढदिवसाचा केक कापला जातो, चॉकलेटे वाटली जातात आणि अर्ध्या तासात घरभर धुमाकूळ सुरू होतो. ‘एवढं गोड खाल्लं की असंच होणार’ असे कोणीतरी म्हणतेच. हेच मूल वर्गात एका जागी बसत नाही, गृहपाठ अर्धवट सोडते, तेव्हा बोट पुन्हा खाण्याकडे आणि बहुतेकदा आईकडे जाते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील पेट्रोलियमपासून बनवलेले कृत्रिम रंग टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याची घोषणा केली आणि या चर्चेला पुन्हा जोर आला. त्यामुळे आहार आणि एडीएचडी यांचा संबंध नेमका किती, हे समजून घेणे गरजेचे आहे.

एडीएचडी म्हणजे काय?

‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्याशी निगडित मेंदूच्या विकासातील विकार. प्रत्येक दंगेखोर मुलाला तो असतो असे नाही. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसायला हवीत, किमान सहा महिने टिकायला हवीत आणि घर व शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी त्यांचा त्रास जाणवायला हवा, असे निदानाचे निकष सांगतात. जगभरात साधारण पाच टक्के मुलांमध्ये तो आढळतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. म्हणजेच डब्यातल्या एखाद्या पदार्थामुळे हा विकार ‘होतो’, असे म्हणता येत नाही. खाण्यामुळे लक्षणे वाढतात किंवा कमी होतात का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आहारावर संशय कधीपासून?

सॅन फ्रान्सिस्कोतील ॲलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये मांडले की, कृत्रिम रंग, स्वाद आणि काही फळांमधील सॅलिसिलेट ही नैसर्गिक रसायने मुलांना अतिचंचल बनवतात. १९७५ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि हजारो अमेरिकी पालकांनी हा आहार स्वीकारला. मात्र आपण काय खाल्ले हे मूल आणि पालक दोघांनाही ठाऊक नसेल अशा पद्धतीने चाचण्या घेतल्यावर फाइनगोल्ड सांगत होते तेवढा मोठा परिणाम आढळला नाही.

साखरेमुळे मुले उधळतात का?

सर्वाधिक लोकप्रिय समज हाच आणि सर्वाधिक कच्चाही हाच. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८ मुलांना आळीपाळीने प्रत्येकी तीन आठवडे साखरयुक्त आणि कृत्रिम गोडीचा आहार देण्यात आला. त्यातील काही मुलांवर साखरेचा परिणाम होतो, असे त्यांच्या पालकांचे ठाम म्हणणे होते. तरीही वर्तनात फरक दिसला नाही. १९९५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, त्याचाही निष्कर्ष तोच होता.

त्याच सुमारास ३५ माता आणि त्यांच्या पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांवर झालेला एक प्रयोग अधिक बोलका आहे. सर्व मुलांना साखर नसलेले पेय दिले गेले. मात्र निम्म्या मातांना ‘त्यात भरपूर साखर आहे’ असे सांगितले होते. त्यांना आपली मुले जास्त चंचल वाटली, त्या मुलांच्या मागेपुढे राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत होत्या. पेय सर्वांना सारखेच दिले होते, फरक होता तो अपेक्षेत. वाढदिवसाच्या धुमाकुळात केकइतकाच वाटा मित्रांचा, गाण्यांचा आणि लांबलेल्या झोपेचाही असतो. अर्थात दात आणि वजन यांसाठी साखर कमी करणे केव्हाही चांगले.

कृत्रिम रंगांबाबत काय आढळले?

इथे चित्र वेगळे आहे. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले त्यात होती. त्यांना काही दिवस साधा फळांचा रस, तर काही दिवस दिसायला तसाच, पण कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक मिसळलेला रस दिला गेला. मिश्रण घेतल्यावर अतिचंचलता सरासरीने थोडी वाढली. ही मुले एडीएचडीग्रस्त म्हणून निवडलेली नव्हती, सर्वसाधारण मुले होती. परिणाम लहान होता आणि प्रत्येक मुलात सारखा नव्हता. रंग आणि परिरक्षक एकत्र दिल्याने दोष नेमका कोणाचा, हेही ठरवता आले नाही.

२०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन संशोधकांनी असा अंदाज बांधला की, एडीएचडी असलेल्या सुमारे आठ टक्के मुलांच्या लक्षणांचा कृत्रिम रंगांशी संबंध असू शकतो. म्हणजे शंभरातील आठ. त्या आठ जणांच्या घरी हा फरक खरा असेल, पण उरलेल्या ९२ जणांना फक्त रंग बंद करून बरे वाटेल, अशी अपेक्षा चुकीची ठरेल.

अमेरिका, युरोपने काय केले?

युरोपीय संघाने जुलै २०१० पासून साउदॅम्प्टन अभ्यासातील सहा रंग असलेल्या पदार्थांवर ‘मुलांच्या चंचलतेवर व अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा आशयाचा इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मात्र २०११ मध्ये सर्वसाधारण मुलांबाबत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले. कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण-आरोग्य विभागाने २०२१ मध्ये, काही मुलांच्या वर्तनावर हे रंग परिणाम करू शकतात, असा अहवाल दिला. त्यानंतर २०२४ मध्ये तेथे शाळांमधील खाद्यपदार्थांत सहा रंगांवर बंदी घालणारा कायदा झाला. पुरावा बहुतांशी तोच, निर्णय वेगवेगळे. कारण या रंगांना पोषणमूल्य शून्य असते. ते काढल्याने मुलाचे काहीच नुकसान नाही, मग थोडा धोकाही का पत्करावा, असा हा युक्तिवाद आहे.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. युरोपात इशारा छापावा लागतो त्या सहापैकी चार रंग, म्हणजे टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर आर, या यादीत आहेत. पाकिटावर ते अनुक्रमे १०२, ११०, १२२ आणि १२४ या क्रमांकांनी ओळखता येतात. कृत्रिम रंग वापरल्याची नोंद वेष्टनावर बंधनकारक आहे, पण मुलांच्या वर्तनाबाबतचा इशारा नाही. शिवाय शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा किंवा जत्रेतील ‘म्हातारीचे केस’ यांना लेबलच नसते. तमिळनाडू आणि कर्नाटकने २०२४ मध्ये ‘म्हातारीच्या केसां’बाबत कारवाई केली, ती ऱ्होडामाइन-बी या कपड्यांच्या रंगामुळे. हा रंग खाद्यपदार्थांत वापरणे बेकायदाच आहे आणि त्याचा प्रश्न एडीएचडीचा नसून विषारीपणाचा आहे.

गहू, दूध बंद करून फरक पडतो?

नेदरलँड्स आणि बेल्जियममधील १०० मुलांवरील अभ्यासात २०११ मध्ये अगदी मोजक्या पदार्थांचा आहार दिलेल्या ६४ टक्के मुलांत सुधारणा दिसली. पण कोणाला कोणता आहार दिला आहे, हे पालकांना माहीत होते. पुढे नेदरलँड्समध्येच १६५ मुलांवर अधिक काटेकोर तुलना झाली. पाच आठवड्यांनंतर पदार्थ वर्ज्य करणाऱ्या गटात ३५ टक्के, तर साधा सकस आहार घेणाऱ्या गटात ५१ टक्के मुलांत सुधारणा आढळली. वाढत्या वयात दूध, गहू, अंडी एकदम बंद केल्यास पोषण बिघडण्याचा धोका असतोच.

माशाचे तेल आणि लोह?

ओमेगा-३ च्या गोळ्यांबाबत २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात ३७ चाचण्या तपासल्या गेल्या. पालकांनी नोंदवलेल्या एकूण लक्षणांत त्यांचा फायदा दिसला नाही. लोहाची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेले मूल थकते, चिडचिडे होते, त्याचे लक्ष लागत नाही. त्यामुळे रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे, पण स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

पालकांनी काय करावे?

ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर त्रास वाढतो असे वाटत असेल तर दोन-तीन आठवडे वही ठेवा. खाणे, झोप आणि वर्तन तिन्ही लिहा. शक्य असल्यास वर्तनाची नोंद शिक्षकांना करू द्या, कारण त्यांना डब्यात काय होते ते माहीत नसते. संबंध खरोखर दिसला तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पुढचे पाऊल उचला. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थाही सरसकट पथ्याऐवजी हाच मार्ग सुचवते.

उपचारात लहान वयात पालकांचे प्रशिक्षण आधी येते, गरज असल्यास पुढे औषध. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने दुपारची भूक मंदावते. म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी सकस जेवण, हा आहाराचा खरोखर उपयोगी पडणारा भाग आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे आणि पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. रंगीत गोळ्या बंद करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, त्या आजच करा. मात्र ‘आधी पथ्य करून पाहू’ म्हणत तपासणी पुढे ढकलण्यात दुसरी-तिसरीची वर्षे निघून जातात. तोवर मुलाला ‘आळशी’, ‘वांड’ ही विशेषणे चिकटलेली असतात आणि आई आपल्या स्वयंपाकाला दोष देत बसलेली असते. यातले काहीही डबा बदलून भरून निघत नाही.