ॲक्सल स्वस्त, जोडणी महाग

भिवंडीहून कापडाच्या गाठी शीळ फाटा, कळंबोलीमार्गे पनवेलला आणायच्या आणि पुढे पेण, रोहा, महाडच्या दुकानदारांना पोहोचत्या करायच्या, हा आमच्यासारख्यांचा रोजचा धंदा. पिकअप म्हणजे आमचा दुसरा गल्लाच. अलीकडे व्यापारी भाईंना एक सल्ला वारंवार मिळतो : पुढची स्वतंत्र चाकांची रचना काढा, जुन्या जीपचा सलग ॲक्सल बसवा, गाडी पोलादी होईल. या सल्ल्याचा हिशेब एकदा मांडलेला बरा.

सल्ल्यात तथ्य मुळीच नाही, असे नव्हे. जुन्या महिंद्रा जीपला आणि मारुती जिप्सीला पुढेही सलग ॲक्सल आणि पाट्यांची कमान होती. सांधे कमी, झीज कमी, दुरुस्ती सोपी. २०१० साली आलेल्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र चाके होती. डोंगरदऱ्यांत गाडी घालणारे शौकीन ती रचना काढून सलग ॲक्सल बसवून घेतात. पण शौकाची गाडी वेगळी आणि रोजीची गाडी वेगळी.

आता खर्च पाहू. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्यत्र भंगारातून जुना ॲक्सल मिळतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खूश होतो. समजा, तो ३५ हजारांना मिळाला. त्याचे बेअरिंग, ऑइल सील, किंगपिन, ब्रेक शू बदलायला १२ हजार. कमान, हँगर, शॅकल, बुश, यू-बोल्ट यांना २० हजार. ड्रॅग लिंक, टाय रॉड, पिटमन आर्म मिळून १० हजार. शॉकॲब्सॉर्बर आणि लांब ब्रेक होज ९ हजार. चासीवरचे वेल्डिंग, खरादकाम आणि मजुरी २४ हजार. झाले १ लाख १० हजार. त्यात गाडी बारा दिवस उभी. बदली टेम्पोचे रोजचे अडीच हजार धरले, तर आणखी ३० हजार. एकूण १ लाख ४० हजार. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, बाजारात ते खालीवर होतील. लक्षात घ्यायचे ते प्रमाण : ज्या ॲक्सलच्या भावावर आपण सौदा ठरवतो, तो पुऱ्या खर्चाचा चौथा हिस्सा आहे. गाडी चारही चाकांनी चालणारी असेल तर पुढचा शाफ्ट नव्या मापाचा करावा लागेल आणि पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचे दात एकाच प्रमाणाचे ठेवावे लागतील. नाहीतर गिअरपेटीच फुटेल.

एवढे करून मिळते काय? पिकअपचा माल मागे असतो आणि बहुतेक बोजा मागच्या ॲक्सलवर पडतो. तो तर कारखान्यातूनच सलग आणि कमानीवर आलेला असतो. पुढे लाख रुपये घालून मागे एक गाठही जास्त नेता येत नाही. नोंदणीपत्रावरचे वजन तेच राहते. वर कमानीमुळे गाडी उंच झाली की गाठींचा डोलारा कर्नाळ्याच्या वळणांवर अधिक झुकतो. ड्रॅग लिंकचा कोन चुकला, तर खड्ड्यात चाक उचलताच स्टेअरिंग आपोआप ओढले जाते. तेथे माल नव्हे, ड्रायव्हरचा जीव पणाला लागतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. तेथे गाडी अडली की धंदा अडला. अपघात झाला, तर विमा कंपनीला न कळवलेला हा बदल दाव्याच्या आड येतो, ते निराळेच.

मग करावे काय? पुढून खडखडाट येत असेल तर बॉल जॉइंट, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर तपासून बदलावेत, चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पक्के बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला वजा मिळतो. कंपोझिशनवाल्यांना मात्र नाही. बिनबिलाचा ॲक्सल चोरीच्या गाडीचा निघाला, तर बचत बाजूला राहून चौकीच्या खेपा सुरू होतात. खरोखरच सलग ॲक्सलची गरज असेल, तर कारखान्यातूनच तसा आलेला मिनीट्रक घ्यावा.

गॅरेजवाल्या कारागीर भाईंनाही एक अर्ज. तुमचे हुन्नर मोठे आहे, त्यात शंका नाही. पण गिऱ्हाईक ॲक्सलचा भाव विचारते, तेव्हा पुऱ्या कामाचा लेखी अंदाज द्या आणि कायदा काय म्हणतो तेही सांगा. एखादे काम हातचे जाईल. पण ज्याचे पैसे तुम्ही वाचवलेत, तो गिऱ्हाईक पुढची वीस वर्षे दुसऱ्या गॅरेजची पायरी चढणार नाही.