खाजणांची राखण

गोव्यातील मांडवी व जुवारी नद्यांच्या काठी भरतीच्या पातळीहून सखल अशी भातशेते आहेत. त्यांना 'खाजण' म्हणतात. मातीचे बांध खारे पाणी अडवतात. बांधातील 'मानशी'ची दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात. पूर्वी 'गावकारी' ही ग्रामसंस्था बांधांची डागडुजी करी. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. पुढे मजुरी महागली, बांध फुटले आणि कित्येक शेते पडीक झाली.

पडीक खाजण निरुपयोगी समजून तेथे भराव टाकणे घातक आहे. पावसाचे पाणी सामावून घेणारी जागा बुजली, तर ते घरांत शिरणारच. परंतु ती जमीन सर्वस्वी समुद्राच्या हवाली करणेही योग्य नव्हे. त्यामुळे शेजारची पिकती शेते खारावतात. जेथे शक्य आहे तेथे बांध दुरुस्त करून कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात घ्यावे. अन्यत्र मानशीतून पाण्याची ये-जा राखून ती पाणथळ जमीन म्हणून सांभाळावी. तेथे मासळीला व पाणपक्ष्यांना आसरा मिळेल. मात्र दार केव्हा उघडावे, हे मासळीचा लिलाव घेणाऱ्याने नव्हे, तर साऱ्या गावाने ठरवावे. शेती थांबली, तरी राखण थांबता कामा नये.