चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या

दादांनो, ताईंनो, विंडरश प्रकरण फक्त कॅरिबियन लोकांचं समजू नका. १९८८ संपायच्या आत ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेले आपले लोकही त्या भरपाईत बसतात.

ज्या होम ऑफिसनं कागदांसाठी हक्काच्या माणसांचं काम घालवलं, कोठडीत टाकलं, देशाबाहेर काढलं, तेच २०१९ पासून भरपाई मोजतंय! नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेच्या गृह व्यवहार समितीनं सुनावलं: अंदाजे १५,००० पात्र लोकांपैकी जेमतेम ५.८ टक्क्यांना पैसे मिळाले, २३ जण पैसे न बघताच गेले. योजना स्वतंत्र संस्थेकडे द्या, असं समितीनं बजावलं. सरकारनं ऐकलं नाही.

गप्प बसू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, खासदाराला लिहा. आणि स्वतःची एकही पगाराची चिठ्ठी फेकू नका.