गरम झाला की रुसणारा पिकअप

मुलगा सोळाचा झाला की टेक्सासातल्या आपल्या बऱ्याच घरांत एक जुना पिकअप येतो. भाद्रपदात मखर आणि स्टेजच्या फळ्या त्यातूनच हॉलवर जातात. या ट्रकांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. सकाळी एका किल्लीत सुरू होतो, वीस-पंचवीस मैलांवर फ्रीवेवर गप्प! अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेला तर शहाण्यासारखा चालतो.

आपल्या मंडळातल्या एका घराने या दुखण्यापायी आधी फ्युएल पंप बदलला, मग प्लग, मग कॉइल. ट्रकच्या किमतीइतका पैसा गेला आणि मुलगा रात्री पुन्हा फ्रीवेच्या कडेला उभा. आमचं म्हणणं असं, की पार्ट घेण्याआधी ठिणगी जाते की गॅस, एवढं ठरवा. आणि ते ट्रक बंद पडलेला असतानाच ठरवा. थंड झाल्यावर पुरावा जातो. फ्रीवेवर मात्र हे उद्योग नकोत. दुपारच्या उन्हात ड्राइव्हवेवर इंजिन चालू ठेवून वाट पाहा, बंद गराजमध्ये मुळीच नको, तिथे विषारी धूर साचतो.

बंद पडला की प्लगच्या वायरीला स्पार्क टेस्टर लावा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. पार्टच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. वायर हातात धरून बघू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात! ठिणगी नसेल तर पहिला संशय इग्निशन मॉड्यूलवर. १९८०च्या दशकातल्या बऱ्याच ट्रकांत तो डिस्ट्रिब्यूटरलाच चिकटलेला असतो, म्हणजे भट्टीशेजारीच बिऱ्हाड. दुकानातल्या मशीनवर तो पास होईल, कारण तिथे पोचेपर्यंत तो निवलेला असतो. पास झाला म्हणून सोडू नका. ट्रक चालू असताना हेअर ड्रायरने त्याला शेक द्या. इंजिन लगेच मेलं तर चोर बहुधा सापडलाच. (ड्रायर कुणाचा, ते आधी विचारून घ्या, बरं का!) नव्या मॉड्यूलखाली कंपनी सांगेल तो उष्णता वाहून नेणारा लेप लावायचा. कोरडा बसवला तर तोही जळतो.

ठिणगी आहे आणि तरी सुरू होत नाही? मग गॅस. इंजेक्शनच्या ट्रकात किल्ली ऑन केली की टाकीतला पंप दोन-एक सेकंद गुणगुणतो. गुणगुण नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघता येतो. फोर्डमध्ये धक्क्याने पंप बंद करणारा एक स्विचही असतो, त्याचं बटण दाबलं की काम होतं. गॅसची नळी मात्र सोडवू नका, आत प्रेशर असतं आणि इंजिन तापलेलं. प्रेशर गेज लावायचं काम मेकॅनिकचं.

आणखी एक. १९९६पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक ट्रकांना हल्लीचं कोड वाचणारं यंत्र लागतच नाही. त्यांतल्या बऱ्याच ट्रकांत दोन पिना तारेने जोडून 'चेक इंजिन'चा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. कुठल्या पिना, ते दर कंपनीचं वेगळं. आपल्या मॉडेलचं रिपेअर मॅन्युअल लायब्ररीत मिळतं का, ते विचारा.