कवटी हाती, धडा गायब

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव आता नुसते ‘आनुवंशिकता’ उरले आहे, कारण अभ्यासाचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने उत्क्रांतीच कापून टाकली. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना ती भेटेल, ही सबब फसवी आहे. दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांना माणूस कसा घडला हे शाळा कधीच सांगणार नाही. 1800हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे निषेध केला तो याचसाठी.

संतापाचे कारण आणखी एक आहे. उत्क्रांतीचा पुरावा विद्यार्थ्याच्या हाती देणे आजच्याइतके सोपे कधीच नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेत 2013 साली सापडलेल्या ‘होमो नालेदी’ या मानवप्रजातीच्या अनेक हाडांचे संगणकीय आराखडे 2015मध्ये जगाला विनामूल्य खुले झाले आणि थ्रीडी प्रिंटर, म्हणजे आराखड्यावरून प्लॅस्टिकचे थर रचून वस्तू घडवणारे यंत्र, अटल टिंकरिंग लॅबच्या रूपाने सरकारनेच हजारो शाळांत पोहोचवले आहे. यंत्र द्यायचे आणि धडा काढून घ्यायचा, याला धोरण म्हणवत नाही.

छापील कवट्या शेजारी ठेवल्या की व्याख्यानाची गरज उरत नाही. मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो ते कवटीच्या तळाचे छिद्र, म्हणजे महारंध्र, चिंपांझीत मागे सरकलेले आणि ताठ चालणाऱ्या माणसात जवळपास मध्यभागी असते, हे विद्यार्थ्याच्या बोटालाच कळते. नालेदीचा मेंदू आपल्या मेंदूच्या निम्म्याहूनही लहान, पण काळ मात्र सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या प्रजातीच्या उदयाच्या आसपासचा; त्यामुळे माकडापासून माणसापर्यंत सरळ रांग दाखवणारे भिंतीवरचे चित्र खोटे ठरते आणि फांद्या फुटलेला वृक्ष समजतो.

हा वृक्ष समजला नाही की काय होते, हे 2018 साली औरंगाबादेत दिसले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक, असे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तेथे जाहीर केले आणि देशातील तीन विज्ञान अकादमींना त्यांचे जाहीर खंडन करावे लागले. मंत्र्यांचे अज्ञान पाठ्यपुस्तकात शिरू द्यायचे की पाठ्यपुस्तकाने ते दूर करायचे, एवढाच येथे प्रश्न आहे. उत्क्रांतीला परदेशी कल्पना म्हणून हिणवणाऱ्यांनी नर्मदाकाठचे हथनोरा आठवावे. 1982मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग तेथेच मिळाला.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती अजून शाबूत आहे, ही समाधानाची बाब असली तरी तेवढ्याने भागणार नाही. राज्याने प्रिंटर असलेल्या प्रत्येक शाळेत या कवट्यांचा संच छापून घ्यावा आणि एनसीईआरटीने वगळलेला भाग दहावीत विनाविलंब परत आणावा.