जर्मन इथूनच शिकून जा



हल्ली आपल्या नात्यागोत्यात जर्मनीला निघालेली एखादी तरी मुलगी असतेच. कोणी एम.एस.ला, कोणी नर्सिंगला, कोणी लग्न होऊन. नर्सिंगवाल्या मुलींची मला काळजी नाही, कारण त्यांना साधारण बी2 पातळीपर्यंत जर्मन यावंच लागतं, म्हणून त्या झटून शिकतात. काळजी वाटते ती बाकीच्या दोघींची. त्यांच्या घरी एकच वाक्य ऐकू येतं, "कोर्स इंग्रजीतून आहे, जर्मन काय, तिकडे गेल्यावर येईल आपोआप."

मला हे अजिबात पटत नाही. निदान आपल्या मुलींच्या बाबतीत तरी नाही.

पहिली गोष्ट ताटातली. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तसा सक्तीचा ठिपका तिकडे नाही. शाकाहारी किंवा व्हिगन असं लिहिलेलं मिळतं, पण त्यावर विसंबून आपलं भागत नाही. व्हिगन सूपमध्ये कांदा-लसूण असतोच, आणि बटाट्याचं पीठ तर कशाकशात असतं! कायद्याप्रमाणे अंडं, दूध, गहू असे ॲलर्जीचे पदार्थ यादीत उठून दिसतील असे छापतात. कांदा, लसूण, जिलेटीन मात्र बारीक अक्षरांत बाकीच्यांबरोबर निघून जातं. त्स्वीबेल म्हणजे कांदा, क्नोब्लाउख म्हणजे लसूण, कार्टोफेल म्हणजे बटाटा, श्माल्त्स म्हणजे बहुधा डुकराची चरबी. चीजच्या पाकिटावर 'लाब' दिसलं तर थांबायचं, ते वासराच्या जठरातलं असू शकतं. कोणी म्हणेल, मोबाईल धरला की भाषांतर होतं. होतं ना. पण मेसमधल्या वाढणाऱ्या बाईला "यात मटणाचं पाणी घातलंय का?" असं विचारून तिचं उत्तर समजून घ्यायला मोबाईल किती वेळा पुढे करणार? दोन-तीनदा विचारून मुलगी कंटाळते आणि मग "चालतंय" म्हणायला लागते. नियम एका दिवसात सुटत नाही, असा सुटतो.

दुसरी गोष्ट रात्रिभोजनाची. बर्लिनला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊला. म्हणजे हिवाळ्यात अनस्तमी पाळायची तर साडेतीनला जेवायला सुट्टी मागावी लागणार. वरिष्ठांना हे नीट समजावून सांगता आलं तर बहुतेक जण ऐकतात, पण सांगायला शब्द हवेत. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण बेकरीत किंवा दुकानात गिऱ्हाईकाशी जर्मनच बोलावं लागतं. इंग्रजीवर मिळतात ती बहुधा गोदामातली रात्रपाळीची कामं.

लग्न होऊन जाणारीचं तर आणखी अवघड. नवरा ब्लू कार्डवर असेल तर बायकोच्या व्हिसाला जर्मनची परीक्षा सहसा मागत नाहीत. आपण खूश होतो, एक कटकट वाचली. माझ्या मावसबहिणीची सून, इथे चांगली नोकरी करणारी मुलगी, तिकडे पहिलं दीड वर्ष डॉक्टरकडेसुद्धा नवऱ्याला सुट्टी मिळेल तेव्हाच जाऊ शकत होती. व्हिसाने मागितलं नाही म्हणून आयुष्य मागत नाही असं थोडंच आहे?

खर्चाचं म्हणाल, तर विद्यार्थ्याला व्हिसासाठी खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. ते आपण कर्ज काढून उभे करतो आणि भाषेच्या फीला मात्र "बघू नंतर" म्हणतो. हा हिशेब मला कळत नाही.

आणि जर्मन अवघड असल्याचा फार बाऊ करतात. त्यात तीन लिंगं आहेत, मग आपल्या मराठीत किती आहेत? इंग्रजीवरून जर्मन शिकणाऱ्याला तो-ती-तेचं नवल वाटतं, आपल्याला का वाटावं? मुलगी या शब्दाला तिकडे नपुंसकलिंग आहे याचं हसू येतं, पण आपणही 'ते पोर' म्हणतोच की. तू आणि तुम्ही हा भेदही आहे. जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही ओळखीचंच. याच्या उलट वाट चालून आलेली एक बाईही आहे. शार्लोटे क्राउझे ही जर्मन विदुषी 1920च्या दशकात जैन शास्त्रांच्या अभ्यासासाठी भारतात आली, गुजराती शिकली, सुभद्रादेवी झाली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. आपल्या साधूंशी बोलता यावं म्हणून ती आपली भाषा शिकून घेते, आणि आपली मुलगी?

मात्र यात घरच्यांनीही काही सोडायला हवं. बी1पर्यंत पोचायला साधारण 350 ते 650 तासिका लागतात असं गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, सांगतं. ते मुंबई-पुण्यात आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. पण वर्गाच्या वेळी "जरा पाहुण्यांना चहा टाक" म्हणून हाक मारली की तासिका वाहून जाते. मुलाला अशी हाक मारतो का आपण? दिवसाचे दोन तास तिचे म्हणजे तिचेच, मग घरी दशलक्षण असो नाहीतर कोणाचं बारसं.

तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं. पुढच्या वर्षी जायचं असेल तर यंदाच्या दसऱ्याला सरस्वतीपूजनात ए1चं पुस्तक ठेवलेलं बरं.