७.५ हा आकडा पुरेसा नाही

चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातूंवरचा लेख हाती घेतला की बहुधा पहिल्याच पानावर दर अणूमागे संयुजा इलेक्ट्रॉन किती, हा आकडा भेटतो. तो वाढला की मार्टेन्साइटी संक्रमणाचे, म्हणजे घनाकार ऑस्टेनाइट सोडून मार्टेन्साइट हे कमी सममितीचे रूप घेण्याचे, तापमान चढते. निकेल-मँगेनीज-गॅलियमच्या मालिकेत हा नियम इतका चांगला लागू पडतो की आपण त्यावर विसंबून राहू लागलो आहोत. पण दोन भाग निकेल, एक भाग मँगेनीज आणि एक भाग गॅलियम घेतले तर आकडा येतो ७.५, गॅलियमऐवजी इंडियम घातले तरी ७.५च. पहिली मिश्रधातू २०२ केल्विनच्या आसपास आपले घनाकार रूप सोडते. दुसरी कितीही थंड केली तरी घनाकारच राहते. एकूण इलेक्ट्रॉन मोजून हा फरक उलगडत नाही. ते कोणत्या बंधात गुंतले आहेत, हे शोधावे लागते.

असा शोध गोवा विद्यापीठात झाला आहे आणि आपल्या वाचकांनी तो मुळातून वाचावा. प्रीती भोबे, के. आर. प्रियोळकर आणि पी. आर. सरोदे यांनी २००६ साली निकेल वाढवत नेलेल्या निकेल-मँगेनीज-गॅलियम मालिकेचा एक्झाफ्स (क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्मरचनेचा) अभ्यास प्रसिद्ध केला. विवर्तन सगळ्या स्फटिकाची सरासरी सांगते. एक्झाफ्समध्ये एकाच जातीच्या अणूभोवतीचे शेजारी आणि त्यांची अंतरे कळतात. मँगेनीज आणि गॅलियम अशा दोन्ही अणूंच्या जागेवरून पाहिल्यावर संक्रमणात अणूंचे थर किती सरकतात याचा अंदाज त्यांना बांधता आला. गॅलियमच्या पी आणि निकेलच्या डी कक्षकांचे संकरण तेव्हा बदलते, असेही त्यातून सूचित झाले.

मँगेनीज जादा असलेल्या टिन आणि इंडियमच्या मिश्रधातूंत शेजाऱ्यांची अंतरे अशी मोजणे अधिक मोलाचे ठरते. घनाकार रचनेत निकेलपासून दोन्ही जातींचे शेजारी समान अंतरावर असायला हवेत. प्रत्यक्षात निकेल आणि मँगेनीज सरासरीने सांगितल्यापेक्षा जवळ येतात. टिन वा इंडियमच्या जागी बसलेले जादा मँगेनीज मूळ मँगेनीजशी प्रतिलोहचुंबकी नाते जोडते आणि मार्टेन्साइटमध्ये चुंबकन कोसळते. म्हणूनच येथे चुंबकीय क्षेत्र लावल्यावर ऑस्टेनाइट परत येऊ शकते आणि नमुना थंड होतो. १९९६ साली उलाक्को आणि सहकाऱ्यांनी निकेल-मँगेनीज-गॅलियमच्या स्फटिकात दाखवलेली ०.२ टक्क्यांची लांबी-बदलाची घटना वेगळी आहे. तिथे अवस्था बदलत नाही, जुळ्या पट्ट्यांच्या सीमा सरकतात. आपल्या लेखांत या दोन यंत्रणांची सरमिसळ वारंवार होते आणि ती थांबायला हवी.

आम्हाला आणखी एक गोष्ट खटकते. वजन करून भट्टीत टाकलेले प्रमाण हेच मिश्रधातूचे प्रमाण म्हणून छापले जाते. वितळताना मँगेनीज उडते, आणि एखाद्या टक्क्याच्या फरकानेही संक्रमण कित्येक अंश सरकते. मग दोन प्रयोगशाळांचे आलेख जुळत नाहीत म्हणून इलेक्ट्रॉनी रचनेचे सिद्धांत मांडले जातात, आणि कारण मात्र भट्टीतच असते.

यापुढे या विषयावरील लेखासोबत मोजलेले प्रमाण, अनीलनाचे तापमान व कालावधी, आणि थंड करताना व तापवताना घेतलेले दोन्ही आलेख पाठवावेत. ज्यांच्याकडे चांगले नमुने आहेत त्यांनी इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर एक्झाफ्ससाठी जरूर अर्ज करावा.